मिस्त्रीशी बोलण्याआधी

घराचं काम पहिल्यांदाच काढताय, तर शब्द पाठ करत बसू नका. आधी वजन कुठून कुठे जातं ते समजून घ्या: स्लॅबचं बीमवर (आडव्या तुळईवर), बीमचं कॉलमवर (उभ्या खांबावर), कॉलमचं फुटिंगवर (खांबाखालच्या पायावर) आणि तिथून जमिनीत. एवढं डोक्यात बसलं की नकाशातले निम्मे शब्द आपोआप कळतात.

क्युरिंगबद्दल, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याबद्दल, मात्र मी हट्टाने सांगेन. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेने होतं. म्हणून निदान ७ दिवस ते ओलं राहिलंच पाहिजे. ताकदीची चाचणी २८ दिवसांनी घेतात. कामाची कितीही घाई असो, पाणी मारणं थांबवू देऊ नका.

हत्यारांत ओळंबा आणि गुण्या तरी ओळखा. ओळंब्याने भिंत सरळ उभी आहे का कळतं, गुण्याने कोपरा काटकोनात आहे का ते. मोठ्या खोलीत गुण्या पुरत नाही, तिथे कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा. दोन खुणांतलं अंतर बरोबर ५ फूट भरलं तर काटकोन.

तयार फ्लॅट घेणार असाल तर भाव कार्पेटवर (बाहेरच्या भिंतींच्या आतली जागा) लावलाय की बिल्ट-अपवर (बाहेरच्या भिंती, बाल्कनी धरून), ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या.