सूनबाईनं नाही म्हटलं ते लोकरीला

लातूरहून आलेलं पत्र, थोडक्यात:

‘सुनेला सातवा महिना लागला. डिसेंबरअखेरची तारीख आहे. बातमी कळली तेव्हापासून मी लेकरासाठी क्रोशाचं ब्लँकेट विणायलेय. अर्धं झालंय. परवा मोठ्या हौशीनं सुनेला फोटो पाठवला, तर म्हणती, “आई, डॉक्टर म्हणल्यात वर्षभर बाळाच्या अंथरुणात सैल पांघरूण ठेवायचं नाही. अन् जाळीत बोटं अडकतात. लोकरीचं नका करू.” तिच्या आईनं नांदेडला चांदीचे वाळे, करगोटा सगळं करून ठेवलंय, ते चालतं. माझी लोकर चालत नाही. आठ दिवस झाले, मी फोन केला नाही. शेजारीण म्हणती, जन्माआधी काही करूच नये, म्हणून असं झालं. आता हे उसवून टाकू का?’

ताई,

उसवू नका. आणि हे वाचून झालं की आधी फोन करा. सातव्या महिन्यात सासूनं आठ दिवस अबोला धरायचा म्हणजे त्या पोरीनं काय समजायचं?

डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाजवळ सैल पांघरूण, उशी, मऊ खेळणी नकोत, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. पांघरूण तोंडावर आलं तर एवढ्याशा लेकराला ते बाजूला सारता येत नाही. जाळीचंही खरंच आहे. बोट छिद्रात अडकतं, किंवा सुटलेला धागा पायाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि रक्त थांबतं. बाळ रडत राहतं आणि मोजे काढून बघायचं कुणाला सुचत नाही. सुनेनं हे आधीच सांगितलं हे बरं. बऱ्याच सुना ‘छान आहे हो आई’ म्हणतात आणि ब्लँकेट कपाटात टाकतात.

पण तुमचा राग लोकरीपायी आहे असं मला वाटत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नांदेडला. नातवंडाला पहिली आंघोळ विहीणबाई घालणार, मालिश त्या करणार, आणि तुम्ही बारशाला पाहुण्यासारख्या जाऊन येणार. तुमच्या हातात राहिलं होतं ते हे ब्लँकेट, आणि तेही नको झालं. वाईट वाटणारच. फक्त त्याचा हिशोब सुनेच्या नावावर मांडू नका. आणि चांदीशी बरोबरी तर मुळीच नको. वाळ्यांनाही कडा टोचत नाहीत ना, घुंगरू सुटत नाही ना, हे बघावंच लागतं.

आता विणकामाकडे येऊ. तुम्ही लिहिलंय ‘बेबी वूल’. दुकानात या नावानं मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिकच असते. गुंड्यावरची चिठ्ठी वाचा. अ‍ॅक्रिलिक ऊब धरतं, धुवायला सोपं, पण घाम शोषत नाही. जानेवारीत नांदेडला रात्री थंडी असेल, कबूल. पण तीन महिन्यांनी बाळंतीण संभाजीनगरला आपल्या घरी येईल तेव्हा चैत्र तापलेला असेल. तुमचं जाड ब्लँकेट दोन महिने वापरून माळ्यावर जाईल. शिवाय आपल्याकडं बाजेखाली शेगडी ठेवतात, ओव्याची धुरी देतात. अ‍ॅक्रिलिकवर निखारा पडला तर ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. (बंद खोलीत कोळसे पेटवणं आई आणि बाळ दोघांनाही जिवावरचं आहे. हे मात्र विहीणबाईंना तुम्ही सांगू नका, डॉक्टरांकडून सांगवा.)

म्हणून लेकरासाठी सुती दोरा घ्या. १९८४ साली ‘नांदेड ४४’ नावाचं कापसाचं संकरित वाण देणाऱ्या गावात जन्मणाऱ्या पोराला अ‍ॅक्रिलिकात कशाला गुंडाळायचं! तुमच्या लातूरच्या गंजगोलाई बाजारात एका फेरीत मिळाला नाही तर ऑनलाइन मागवा, पण सगळा दोरा एकाच वेळी, एकाच लॉटचा घ्या. नाहीतर मध्येच पट्टा वेगळ्या छटेचा येतो. तीस इंचांचा चौकोन पुरे. साधारण चारशे ग्रॅम लागतील. क्रोशाची सुई चार मिलिमीटरची. जाळीचा नमुना सोडा, सगळं अर्ध्या खांबात (हाफ डबल क्रोशे) घट्ट विणा. मुक्या खांबात (सिंगल क्रोशे) विणलंत तर सुती ब्लँकेट पुठ्ठ्यासारखं ताठ होईल. आधी चार इंचांचा तुकडा विणून धुऊन बघा, सूत आटतं. ओळीच्या शेवटचा खांब सुटतो आणि काठ आत येत जातात, म्हणून प्रत्येक ओळीला खांब मोजायचे, कंटाळा आला तरी. टोकाला सहा इंच दोरा ठेवून मोठ्या नेढ्याच्या सुईनं उलटसुलट तीनदा आत ओवा, नुसती गाठ मारून कापू नका. गोंडे, मणी, बटणं, झालर काही नको.

हे झोपताना घालायचं नाही. जागं असताना मांडीवर, दवाखान्यात नेताना अंगाभोवती, तोंड उघडं ठेवून, आणि पुढं पालथं पडायला लागलं की जमिनीवर अंथरायला. सुनेला फोनवर नेमकं एवढंच सांगा. तिला उलट हायसं वाटेल.

एक मात्र विसरू नका. विणून झालं की धुवा आणि ठेवताना कपाटात डांबरगोळ्या टाकू नका. काही नवजात बाळांच्या अंगात एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला डांबरगोळ्यांच्या कपड्यांत गुंडाळलं तर त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, कावीळ वाढते, कधी ती जिवावर बेतते. आजीनं जपून ठेवलेल्या कपड्यांतूनच हे घडतं. वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला, तोही देण्याआधी झटकून.

आणि ते अर्धं झालेलं? त्याला आणखी थोडी लांबी द्या आणि बाळंतिणीसाठी शाल करा. रात्री दोन वाजता उठून पाजायला बसणाऱ्या बाईच्या खांद्याला गार लागतं. बारशाला सगळे पाळण्याकडं बघतात, बाळंतिणीला आहेराची साडी मिळते आणि ती बहुधा वर्षभर नेसता येत नाही. लोकर तिला चालेल, जाळीही चालेल. फक्त शेगडीपाशी आणि बाळ कुशीत घेऊन झोपताना अंगावर नको.

शेजारणीचं काय करायचं? ब्लँकेट तुमच्या घरात ठेवा, बारशाला द्या. मग त्यांना बोलायला जागा उरत नाही. सुनेनं ते वापरलं नाही तर विचारू नका, बाळाचा त्यात गुंडाळलेला फोटो मागू नका. ब्लँकेट मळेल, त्यावर बाळ ओकेल, मोलकरीण ते मशीनमध्ये गरम पाण्यात टाकेल. दिल्यावर ते तुमचं राहिलं नाही.

रंग सुनेलाच विचारा. फोन करायला ते निमित्तही होईल. तुम्ही ठरवलेल्या पोपटी-राणी पट्ट्यांबद्दल पत्रात वाचलं. त्यावर मी काही बोलत नाही, तिलाच बोलू द्या.