बेडूक थंड, मग चापड्याच्या खाचेचा उपयोग काय?

प्रश्न : पावसाळ्यात आंबोलीला रात्रीच्या भटकंतीत मार्गदर्शकाने आम्हाला झुडपावर बसलेला मलबारी चापडा दाखवला. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खाचेमुळे त्याला सावजाच्या अंगाची उष्णता कळते, असे तो म्हणाला. पण हा साप बेडूकही खातो, असेही त्यानेच सांगितले. बेडूक तर शीतरक्ती! मग ही खाच त्याला कशी उपयोगी पडते? शिवाय हा साप चावला, तर सरकारी रुग्णालयातले सर्पविषाचे इंजेक्शन लागू पडते का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे. ही खाच उष्णता ओळखते, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात ती तापमानातला फरक टिपते, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

खाचेच्या आत, तळापासून सुटा, एक अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो. त्याची जाडी 15 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असून दोन्ही बाजूंना हवा असल्याने तो चटकन तापतो, आणि त्यातल्या केशवाहिन्यांच्या दाट जाळ्यामुळे तितक्याच चटकन निवतो. अंशाच्या काही हजारांश भागाइतका बदलही त्याला जाणवतो. खाचेचे तोंड आतल्या पडद्यापेक्षा अरुंद असल्यामुळे, भिंगाऐवजी बारीक छिद्र असलेल्या सूचिछिद्र कॅमेऱ्यात प्रतिमा पडावी तशी समोरच्या तापमानाची ढोबळ प्रतिमा पडद्यावर उमटते. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 2010 साली अमेरिकेतल्या रॅटलस्नेक या खाचधारी सापावर काम करून, या पडद्याच्या चेतातंतूंमध्ये उष्णतेला प्रतिसाद देणारे प्रथिन कोणते, हे दाखवून दिले. मोहरीची झणझण आपल्याला जाणवते ती याच प्रथिनाच्या मानवी रूपामुळे, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. (तापमानाच्या संवेदनेवरील संशोधनासाठी ज्युलियस यांना 2021 मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.)

आता बेडकाकडे वळू. पडद्यातले चेतातंतू काहीच घडत नसतानाही मेंदूकडे संथ गतीने संदेश पाठवत असतात. समोर उबदार उंदीर आला की संदेशांचा वेग वाढतो, आणि परिसरापेक्षा थंड वस्तू आली की तो कमी होतो. बेडकाच्या ओल्या त्वचेवरून पाण्याची वाफ होत असल्याने तो आजूबाजूच्या पानांपेक्षा किंवा खोडापेक्षा किंचित थंड असू शकतो, म्हणजे सापाच्या लेखी तो एक थंड ठिपका ठरतो. उबदार पार्श्वभूमीवरच्या थंड लक्ष्यावरही खाचधारी साप अचूक झडप घालतात, हे कॉपरहेड या अमेरिकी सापावरील प्रयोगांत दिसले आहे. मात्र मुसळधार पावसात, हवा बाष्पाने भरलेली असताना, हा फरक फारच थोडा उरत असणार. त्या वेळी उभ्या बाहुलीचे डोळे, जीभ आणि सावजाची हालचाल यांच्यावरच चापड्याची अधिक भिस्त असावी, असे माझे मत आहे. खाचेची आणि डोळ्यांची माहिती मेंदूच्या एकाच भागात एकत्र येते, म्हणून खाचेचा विचार डोळ्यांना वगळून करणे योग्य नव्हे. घोणस आणि फुरसे हेही याच कुळातले, पण त्यांना अशी खाच नसते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक गांभीर्याने घ्यावे. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून तयार होते, त्यामुळे चापड्याच्या विषावर त्याचा भरवसा धरता येत नाही. मलबारी चापड्याच्या दंशाने बहुधा तीव्र वेदना आणि सूज येते; परंतु खाचधारी सापांपैकीच असलेल्या, टोकदार वर वळलेल्या नाकाच्या छोट्या सापाच्या दंशाने केरळ आणि श्रीलंकेत मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यूही झाले आहेत. म्हणून कोणताही साप चावला तरी रुग्णालय गाठावेच. तेथे रक्त गोठते की नाही हे तपासता येते, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवता येते, आणि दंश प्रत्यक्षात घोणसाचा असेल तर प्रतिविष वेळेत देता येते. दंश झालेला हात किंवा पाय हलवू नये, आवळून बांधू नये, जखम कापू नये, आणि ओळख पटवण्यासाठी सापाच्या मागे जाऊ नये.