मेल पाठवणं थांबवा, तक्रार दाखल करा

सांगलीहून एका वाचकाचं पत्र आहे. गाडीत सबवूफर बसवला, त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी थेट बॅटरीवरून लाल वायर ओढली. पाच महिन्यांनी बॉनेटखालून आग लागली. ‘मूळ वायरिंगमध्ये फेरफार’ असं कारण देऊन विमा कंपनीने दावा नाकारला. आगीला बावीस महिने झाले, नकाराच्या पत्राला सतरा. तेव्हापासून हे गृहस्थ मेलवर मेल पाठवताहेत. अशी पत्रं मला वरचेवर येतात.

तुमच्या हातात दोन महिने आहेत, असंच धरून चाला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९ : तक्रारीची मुदत, तिचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ही मुदत नकाराच्या पत्रापासून मोजावी असा युक्तिवाद करता येतो, पण आगीच्या तारखेपासून मोजून सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका गोदामाच्या आगीचा दावा मुदतबाह्य ठरवलाय. स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. सतरा महिने तुम्ही नेमकं तेच करत बसलात! उशीर माफ होऊ शकतो, पण ‘मेल पाठवत होतो’ हे कारण घेऊन मी तरी उभा राहणार नाही. सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात, ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून तक्रार करा. शुल्कासाठी रक्कम मोजतात ती तुम्ही भरलेल्या विम्याच्या हप्त्याची. तो पाच लाखांच्या आत, म्हणजे शुल्क शून्य.

बाकी निकालाचं मी सांगू शकत नाही. वेगळा हप्ता भरून पॉलिसीत नोंदवले नसतील, तर वूफर-अ‍ॅम्पचे पैसे विसरा. गाडीचं वेगळं आहे. आग त्याच वायरने लागली हे कंपनीने दाखवायला हवं, आणि नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरचा अहवाल काही अंतिम शब्द नव्हे. अडचण फ्यूजची. अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्प वाचवतो; वायर वाचवायला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत वेगळा फ्यूज लागतो. तुमच्या फोटोत तो दिसत नाही.

म्हणून वायर बसवणाऱ्या दुकानदारालाही सामनेवाला, म्हणजे तक्रारीतला विरुद्ध पक्ष, करा. कंपनीला ‘वायरचा दोष नाही’ आणि दुकानदाराला ‘असलाच तर तुझा’, असं पर्यायी म्हणणं मांडता येतं. बिल घेतलं नाहीत, हे वाचून मात्र डोक्याला हात लावला. पैसे यूपीआयने दिले असतील तर बँकेचं स्टेटमेंट आजच काढा. आणि गॅरेजवाल्याला सांगा, वायरचं जळकं टोक तोडू नकोस. आयोगाला ते प्रयोगशाळेत पाठवता येतं.