सरकारी पैसा, स्मार्ट ग्रोथ आणि गावाबाहेरचा प्लॉट

प्रश्न : अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात शेतांना लागून स्वस्त प्लॉट मिळतो आहे. मलवाहिनी आज ना उद्या येईलच, असे दलाल सांगतो. विश्वास ठेवावा का?

उत्तर : आधी नकाशा पाहावा. गव्हर्नर पॅरिस ग्लेंडेनिंग यांच्या काळात, १९९७ साली झालेल्या ‘स्मार्ट ग्रोथ’च्या (म्हणजे वाढ शेतांत पसरू न देता आहे त्या वस्त्यांकडे वळवण्याच्या) कायद्यानुसार, वाढीला चालना देणारे रस्ते, पाणी आणि मलनिःसारण यांवर राज्याचा पैसा मुख्यतः ‘प्राधान्य निधी क्षेत्रां’तच खर्च होतो. तेव्हाची नगरे आणि बाल्टिमोर व वॉशिंग्टनच्या वर्तुळाकार महामार्गांच्या आतला भाग या क्षेत्रांत आपोआप धरला गेला. नवा निवासी भाग त्यांत घ्यायचा तर मात्र कौंटीला (जिल्ह्यासारख्या स्थानिक सरकारला) एकरी सरासरी किमान साडेतीन घरांची घनता दाखवावी लागते, म्हणजे आपल्या हिशेबाने घरटी फार तर साडेअकरा गुंठे. (पुण्यात एवढ्या जागेत सोसायटी उभी राहते.) दलाल ज्या ऐसपैस मोकळेपणाचे गुणगान करतो, नेमका तोच इथे आड येतो. घर बांधायला हा कायदा मनाई करत नाही आणि कौंटी स्वतःच्या पैशाने वाहिनी टाकूही शकते. पण तसा मंजूर प्रस्ताव हाती असल्याशिवाय जादा किंमत मोजू नये.

प्रश्न : या क्षेत्राबाहेर राज्य काहीच खर्च करत नाही का?

उत्तर : करते. सार्वजनिक आरोग्य व सुरक्षितता, किंवा वस्तीपासून दूरच ठेवावे लागणारे उद्योग, अशा कारणांसाठी अपवाद आहेत. असाधारण परिस्थितीत गव्हर्नर, कंप्ट्रोलर (राज्याचे हिशेबप्रमुख) व ट्रेझरर (खजिनदार) या तिघांचे सार्वजनिक बांधकाम मंडळ मंजुरी देऊ शकते.

प्रश्न : न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या गावाने जुनी जलवाहिनी बदलण्यासाठी राज्याचे कर्ज मागितले, तर स्मार्ट ग्रोथचा अर्ज पुढे आला. दुरुस्तीला तो कशाला?

उत्तर : तिथल्या २०१० च्या कायद्यात मेरीलँडसारखा नकाशा नाही, निकष आहेत. आहे ती सुविधा आधी वापरावी व सुधारावी, हा त्यांतला पहिलाच निकष असल्याने तुमचे काम सहज बसावे. समुद्रपातळीतील वाढ, वादळी लाटा आणि पूर यांचा विचार २०१४ मध्ये जोडला गेला. निकष ‘शक्य तितके’ पाळायचे आणि ते शक्य नसल्यास यंत्रणेने लेखी कारण द्यायचे, अशी तरतूद आहे. माझ्या मते ही पळवाट बरीच रुंद आहे. तुम्ही मात्र ‘लागू नाही’वर खुणा करून मोकळे होऊ नका, वाहिनी त्याच मार्गाने जाणार की गावाबाहेर वाढणार, आणि तिचा व्यास तोच राहणार का, हे स्पष्ट लिहा, कारण मोठ्या व्यासाची वाहिनी म्हणजे पुढच्या वस्तीची तयारी, अशी शंका रास्तपणे घेतली जाते.