घोडीनं नवव्या महिन्यात टाकलं, डॉक्टर हर्पिस व्हायरस म्हणतात. दोष आंडील घोड्याचा आहे का, तो विकावा का?

घोडा विकू नका. हर्पिस मुख्यतः नाकातोंडातून पसरतो. फुरफुरणं, एकच बादली, एकच तोबरा, गड्याचे हात. टाकलेलं शिंगरू, वार आणि गर्भाचं पाणी यांत तर तो ठासून भरलेला असतो.

आमची पागा कागलकडं. मार्गशीर्षात थोरल्या काकांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून नवी मारवाडी घोडी आणली. ट्रकमध्ये उभ्यानं प्रवास करून आलेलं जनावर उतरवलं आणि थेट आमच्या गाभण राणीशेजारी बांधलं. राणीला आठवा महिना लागलेला. नवीचं नाक चार दिवस वाहिलं. थंडी असेल, असं आम्ही सगळेच म्हणालो.

पाच आठवड्यांनी पहाटे वैरण टाकायला गेलो तर राणी गव्हाणीत तोंड घालून उभी, आणि मागं चिखलात शिंगरू. पातळ पापुद्र्यात गुंडाळलेलं, खुरांवर अजून ती मऊ पिवळी टोकं. कुजलेलं नाही, वास नाही, आत्ता उठेल असं वाटावं. राणीला आदल्या दिवशी ना ताप, ना कळा, वैरणही पुरी खाल्लेली. हर्पिसचा गर्भपात असाच येतो. व्हायरस रक्तातल्या पेशींबरोबर गर्भाशयाच्या शिरांत पोचतो, तिथं सूज येऊन वार सुटते.

काका आले आणि आमच्या गड्यावर गेले. ‘तूच जोरात पळवलंस तिला.’ अकरा वर्षं खरारा करणारा माणूस. तो तिला रोज ओढ्यावर चालवत पाण्याला न्यायचा, तेवढंच. सांगून पाहिलं, काकांनी ऐकलं नाही. दुपारी त्याचा हिशेब करून टाकला.

डॉक्टरांनी शिंगराच्या यकृताचे, फुप्फुसाचे तुकडे बर्फात घालून हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडं पाठवले. रिपोर्ट आला: इक्वाइन हर्पिस व्हायरस 1. तो मी काकांसमोर वाचला. ते म्हणाले, ‘कागदावर काय बी लिहितात.’ आजही आमच्या घरात गाभ टाकला म्हटलं की गड्याचंच नाव निघतं, आणि मला ते सहन होत नाही. रोग आमच्या पागेतच पसरला. गाभण घोडीशेजारी परकी घोडी बांधली ती आम्ही, त्यानं नाही.

म्हणून सांगतो, नवं जनावर किमान 21 दिवस वेगळं बांधा, त्याची बादली वेगळी, गडीही वेगळा. टाकलेल्या घोडीला महिनाभर बाकीच्या गाभण घोड्यांपासून लांब ठेवा. तिथलं गवत जाळा, जमीन धुऊन जंतुनाशक मारा. लस गाभणपणाच्या 5व्या, 7व्या, 9व्या महिन्यात देतात. लस दिली म्हणून गर्भपात होणारच नाही असं नाही, पण धोका कमी होतो. घोडी काढू नका, ती पुढं चांगलं शिंगरू देते. राणीनं दिलं.

आता एक कबूल करतो. तो व्हायरस नवीनंच आणला, हे रिपोर्टात नव्हतं. एकदा शिरला की तो जन्मभर अंगात दडून राहतो, आणि प्रवास, शिंगरू आईपासून तोडणं, कळपात नवं जनावर येणं, अशा ताणानं पुन्हा उठतो. राणीच्याच अंगात तो जुना असेल. तरी गडी दोषी ठरत नाही.

आणि तुमच्या घोड्याबद्दल मी जे म्हणालो ते फक्त हर्पिसपुरतं. व्हायरल आर्टेरायटिस नावाचा दुसरा रोग आहे, त्यात व्हायरस आंडील घोड्याच्या वीर्यात वर्षानुवर्षं राहतो. घोडा ठणठणीत दिसतो, घोड्या मात्र त्याच्यापासून बाधतात. खच्ची केला की तो वाहक राहत नाही. त्यामुळं डॉक्टरांनी नुसतं तोंडी सांगितलं असेल तर आधी नमुना तपासून घ्या, लेखी रिपोर्ट मागा. तो हातात येईपर्यंत घोड्याला विकू नका आणि पागेतल्या माणसाला एक शब्द बोलू नका. आमचा गडी मी दोनदा बोलवायला गेलो, तो आला नाही.