परदेशात राहायला आल्यावर घरी लँडलाइन घ्यावी का, की इंटरनेट कॉलिंगवर भागतं? जुन्या नंबरचं काय करायचं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: नव्या देशात घरी फोन लावून घ्यायचा का, जुना मोबाईल नंबर चालू ठेवायचा का, आणि आईबाबा स्मार्टफोन वापरत नाहीत, त्यांच्या लँडलाइनवर स्वस्तात कसं बोलायचं. कुठल्या देशात गेलात ते लिहिलेलं नाही, त्यामुळे कुठेही लागू पडेल एवढंच सांगते. मला बाहेर येऊन बरीच वर्षं झाली आणि यातली जवळजवळ प्रत्येक चूक मी करून बसलेय.

आधी जुन्या नंबरचं, कारण बाकीचं सगळं नंतर निस्तरता येतं, हे येत नाही. तो नंबर बंद पडू देऊ नका. मी आल्या आल्या नवीन सिम घेतलं आणि जुनं प्रीपेड सिम पाकिटात टाकून विसरले, बोलायला व्हॉट्सअ‍ॅप आहेच की म्हणून. काही महिन्यांनी बँकेत काहीतरी बदलायचं होतं, ओटीपी जुन्या नंबरवर, रिचार्ज न केल्यामुळे नंबर गेलेला, आणि बँकेतला नंबर बदलायचा तर आधी जुन्या नंबरवर ओटीपी! त्यात कहर म्हणजे तोपर्यंत तो नंबर कंपनीने दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकला होता, मी सहज लावून बघितला तर एका बाईंनी उचलला आणि वैतागून म्हणाल्या, तुमच्या नावाने सारखे मेसेज येतात हो. लाजच वाटली. म्हणून सगळ्यात लहान प्लॅन टाका, कॅलेंडरमध्ये रिचार्जची आठवण लावा आणि ते सिम ड्युअल सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत कायम राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपचं अकाउंट जुन्या नंबरवरच राहिलं तरी फोनमध्ये नवीन सिम घालून ते चालतं, पण फोन बदलला की पडताळणीचा कोड त्या जुन्या नंबरवरच जातो. टू स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आजच लावून ठेवा.

रोमिंगमध्ये नुसता एसएमएस येण्याचे पैसे बऱ्याच कंपन्या लावत नाहीत, कॉल उचलायचे मात्र लावतात. आणि एक छुपा खर्च असतो तो कोणी सांगत नाही. व्हॉइसमेल चालू असेल आणि तुम्ही फोन उचलला नाही, तर तो कॉल आधी तुमच्यापर्यंत परदेशात येतो आणि मग परत मायदेशी व्हॉइसमेलकडे जातो, म्हणजे न बोलता दोन आंतरराष्ट्रीय कॉलचं बिल. न उचललेला कॉल व्हॉइसमेलकडे वळवणं म्हणजे फॉरवर्डिंगच, निघण्याआधी ##००२# डायल केलं की अशी सगळी फॉरवर्डिंग रद्द होतात.

याहून चांगला उपाय म्हणजे वायफाय कॉलिंग. तुमची जुनी कंपनी परदेशातून ते चालू देत असेल (सगळ्या देत नाहीत, आधी विचारा) तर फोन घरच्या वायफायवरून थेट तुमच्या जुन्या कंपनीच्या नेटवर्कला जोडला जातो, जणू तुम्ही देश सोडलाच नाही. कॉल येतात, ओटीपी येतात, रोमिंगचा संबंध नाही. निघण्याआधीच सेटिंगमध्ये ते ऑन करून घ्या, काही कंपन्यांचं पहिल्यांदा चालू करायला मायदेशातलंच नेटवर्क लागतं.

आता नव्या घरातली लँडलाइन. खरं सांगू का, तांब्याच्या तारेवरचा जुना फोन आता बऱ्याच ठिकाणी मिळणारच नाही. ब्रिटनमध्ये तर ते जुनं नेटवर्क जानेवारी २०२७ पर्यंत पूर्ण बंद करायचं ठरलंय. लँडलाइन म्हणून जे देतात ते बहुतेक राउटरच्या मागे फोनची वायर खुपसायची असा प्रकार, म्हणजे ते इंटरनेट कॉलिंगच आहे. फरक एकच पण मोठा. जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टची वीज यायची, घरातले दिवे गेले तरी फोन चालू. राउटरवरचा फोन दिवे गेले की मुका. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावा. आणि इमर्जन्सी नंबरला ॲपवर अवलंबून राहू नका, व्हॉट्सअ‍ॅपवरून तो लागत नाही, आणि इंटरनेट फोनवरून लावलात तर समोरच्याला तुम्ही नोंदवलेला पत्ता दिसू शकतो, तुम्ही खरे कुठे आहात तो नाही. घर बदललं की आधी तिथला पत्ता बदला. एकट्यादुकट्या माणसाला मी लँडलाइन घ्या म्हणणार नाही, मोबाईल पुरतो.

आईबाबांच्या लँडलाइनवर बोलायचं तर ॲप ते ॲप फुकट आणि ॲप ते फोन नंबर पैसे, हा हिशोब लक्षात ठेवा. पूर्वी यासाठी सगळे स्काइप वापरायचे, ते ५ मे २०२५ ला बंद झालं. आता व्हायबर आउटसारख्या सेवा आहेत, किंवा तुमच्या नव्या मोबाईल कंपनीचा आंतरराष्ट्रीय ॲड-ऑन, कधीकधी तोच स्वस्त पडतो. काही देशांत मात्र इंटरनेट कॉलिंगवरच बंधनं आहेत, संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल ब्लॉक असतात आणि परवाना असलेली बोटिमसारखी ॲप वापरावी लागतात. घर घेण्याआधी तिथला नियम बघा.

मी स्वतः एटीए घेतला. हा मुठीत मावेल एवढा डबा असतो, एका बाजूला नेटची केबल, दुसऱ्या बाजूला साधा फोन. इंटरनेट फोन कंपनीचं खातं त्यात भरायचं, मग रिसीव्हर उचलला की डायल टोन येतो. लावला, आईला फोन केला, छान बोलणं सुरू, आणि कट. परत लावला, परत कट. चारपाच वेळा झाल्यावर नवऱ्याने घड्याळ लावलं तर दर वेळी बरोब्बर ३२ सेकंद! आईला वाटलं मीच चिडून ठेवतेय. कंपनीच्या हेल्पलाइनवाल्याने मला तीनदा राउटर रीस्टार्ट करायला लावला, काहीही फरक नाही. मग रात्री जागून वाचलं तेव्हा कळलं, कॉल उचलला गेला की इकडच्या टोकाने 'मिळालं' अशी पोच द्यायची असते, ती पोचलीच नाही तर पलीकडचं टोक ३२ सेकंद वाट बघतं आणि कॉल तोडतं. पोच गिळत होता माझाच राउटर. त्यात एसआयपी एएलजी नावाचं एक सेटिंग असतं, मदत म्हणून दिलेलं, आणि नको तिथे पत्ते बदलत बसतं. ते बंद केलं, प्रश्न संपला. कॉल ठरावीक वेळाने कटत असेल किंवा एकाच बाजूने ऐकू येत असेल तर सगळ्यात आधी तिथे बघा.

आवाज अडखळतो तेव्हा लोक म्हणतात एवढ्या लांब आहे, होणारच. तसं नसतं हो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १२,००० किलोमीटरला ६० मिलिसेकंद लागतात, आणि एका बाजूने १५० पर्यंत असेल तर बोलताना जाणवत नाही. स्पीडही फार लागत नाही, एका कॉलला प्रत्येक दिशेने शंभर केबीपीएससुद्धा नाही लागत. खरी गडबड असते शेवटच्या खोलीत: वायफाय कमजोर, किंवा कोणीतरी त्याच वेळी व्हिडिओ अपलोड करतंय. एटीएला केबलनेच जोडा.

आणि हे एक, माझे दोन महिने यात गेले. कॉलवर स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर दोष तुमच्या बाजूला नाही, समोरच्याच्या बाजूला आहे. बाबा टॅब टेबलावर ठेवून आवाज फुल करून बसायचे, माझा आवाज त्यांच्या स्पीकरमधून निघून त्यांच्याच माइकमध्ये शिरायचा आणि मला परत यायचा. मी इकडे नवीन हेडफोन घेतले, राउटर बदलला! शेवटी भाच्याने तिकडे जाऊन आवाज दोन घरं कमी केला. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून ते फुल करत होते, मग त्यांच्यासाठी इयरफोन घेतले, ते त्यांना कानात आवडत नाहीत, म्हणून आता ते लँडलाइनवरच बोलतात आणि व्हिडिओ फक्त आई करते.

नंबर सेव्ह करताना सगळे + आणि देशाचा कोड लावून सेव्ह करा, कुठूनही लागतात. देशाच्या कोडनंतर नंबरचा सुरुवातीचा शून्य गाळायचा असतो, इटलीची लँडलाइन सोडून, तिथे शून्य ठेवावा लागतो. तुम्ही एटीए घेणार असाल तर राउटरचं मॉडेल कमेंटमध्ये लिहा, ते सेटिंग कुठे सापडतं ते बघून सांगते.