पहाटेच्या बीपीला दुसरी गोळी कोणती?

विचारलंय असं: वडील ६६ वर्षांचे, अॅम्लोडिपिन ५ चालू, दिवसभर ठीक, पण पहाटे १६०च्या वर. जोडीला टेल्मिसार्टन द्यावी की क्लोर्थॅलिडोन?

आधी सांगा, बीपीचा पट्टा बांधायच्या आधी खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खातात का? हसू नका. आमचे बाबा उठल्या उठल्या खर्रा तोंडात टाकायचे आणि मग मशीनसमोर हात ठेवायचे. आकडा १७८. तोच धरून मोठ्या भावाने दीड वर्ष घर डोक्यावर घेतलं. त्याचं एकच पालुपद: "गोयी रात्री देत जाय, सकायी उतरते." माझं म्हणणं, वेळ नाही, गोळीच बदला. बाबांना तेव्हा लोसार्टन होती, सकाळी एकदाच. तिचा जोर पहाटेपर्यंत सगळ्यांनाच पुरतो असं नाही. टेल्मिसार्टन चोवीस तास टिकते, क्लोर्थॅलिडोन त्याहून जास्त. शिवाय ब्रिटनमध्ये २१ हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना सकाळी, निम्म्यांना संध्याकाळी गोळ्या देऊन पाहिल्या. २०२२ साली निकाल आला: अटॅक-लकव्यात फरक नाही. हे भावाला दाखवलं तर म्हणे, "ते इंग्रज होय, आपला बुढा वायला हाय."

ग्रामीण रुग्णालयातल्या मॅडमनी बाबांना खर्र्याविना अर्धा तास बसवून मोजला. १६२. म्हणजे वाढलेला होताच, फक्त तेवढा नव्हता. लोसार्टन काढून टेल्मिसार्टन ४० दिली, महिन्याने क्लोर्थॅलिडोन साडेबारा. सकाळी १३४ दिसलं त्या दिवशी मी भावाला मुद्दाम फोन केला.

मग मे महिना लागला. बाबा ४५ डिग्रीत पऱ्हाट्या उपटायला गेले, घरी येऊन बाजेवर टेकले आणि उठताना तोल गेला. रक्तातलं सोडियम १२४, म्हणजे फारच कमी. भाऊ दवाखान्यात एक शब्द बोलला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला. क्लोर्थॅलिडोन ही लघवी वाढवणारी गोळी, ती बंद झाली, अॅम्लोडिपिन ५ आली. पाय थोडे सुजतात, पण चालतं.

तुमच्याकडे अॅम्लोडिपिन आहेच, तर मी असतो तर आधी टेल्मिसार्टन विचारली असती. सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम तपासा. किडनीचा त्रास असेल तर हे सगळं डॉक्टरांवर सोडा. मी शेतकरी आहे, डॉक्टर नाही. क्लोर्थॅलिडोन वाईट नाही, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात सोडियमवर नजर ठेवूनच.

आमच्याकडे अॅम्लोडिपिन भाऊच देतो, रात्री जेवणानंतर. देऊ दे. ती कोणत्याही वेळी घेतली तरी चालते.